टाचणाप्रमाणे

रविवार, २

आले एकदाची! दोन बॅगा, एक बादली आणि वहिनीने जबरदस्तीने कोंबलेली इस्त्री घेऊन तिसरा मजला चढताना जीव मेटाकुटीला आला, पण खोली पाहिली आणि शीण पळाला. खिडकी मोठी, टेबल डगमगत नाही, शाळा समोरच्याच रस्त्यावर. घरमालकीण बोलक्या आहेत. शाळेतल्या नव्या बाई का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. अजून व्हायचंय, पण ऐकायला इतकं गोड वाटलं की दुरुस्त करायचं जिवावर आलं.

गणित सोपं आहे. माध्यमिक शिक्षक प्रशिक्षणाच्या अर्जाला वर्गातला अनुभव लागतो. दहा पाठ, आणि प्रत्येकावर मार्गदर्शक शिक्षकाची सही. उद्यापासून रोज एक, म्हणजे शुक्रवारी चौदा तारखेला दहा पुरे. पंधराला अर्ज बंद. वयाची अट पाहता माझं हे शेवटचं वर्ष. नऊ वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून डॉक्टरांची अक्षरं लावली. आता मला फळ्यासमोर उभं राहायचंय. दादा म्हणाला की या वयात हे काय भलतंच खूळ. वहिनी म्हणाली की नाकावर राग घेऊन वर्गात जाल तर मुलं दोन दिवसांत परत पाठवतील. बघूच.

सोमवार, ३

पहिला पाठ झाला. नववीचा वर्ग, विषय इतिहास, मुलं एक्कावन्न. एकही मूल हसलं नाही, कुजबुजलं नाही, कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही. मी घसा खरवडायची तयारी करून गेले होते, ती फुकट गेली.

याचं गुपित टाचणात आहे. टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. एका रकान्यात शिक्षकाने काय करायचं, दुसऱ्यात विद्यार्थ्यांनी काय करायचं, तिसऱ्यात किती मिनिटं. एरवी हे शिक्षकापुरतं असतं. इथे मात्र सकाळी मार्गदर्शक बाई त्यावर सही करतात आणि मग वर्गप्रमुख मुलगी ते जसंच्या तसं बाजूच्या फळ्यावर उतरवते. मुलं वाचतात आणि तसंच वागतात. ‘तीन विद्यार्थी शंका विचारतात’ असं मी लिहिलं होतं. बरोब्बर तीन हात वर आले! वर्गप्रमुखाकडे एक रजिस्टर असतं. टाचणातलं केलं की बरोबरची खूण, बाहेरचं केलं की फुली. तीन फुल्या झाल्या की वर्ष वाया.

मार्गदर्शक बाई गेली बावीस वर्षं हेच करतायत. मागच्या बाकावर ताठ बसून मिनिटं मोजतात, म्हणून मी त्यांचं नाव मिनिटबाई ठेवलंय. सही करतानाही त्यांची नजर वहीवर नसते, घड्याळावर असते. वही शाळेचीच, पानांवर आकडे आणि शिक्का. पान फाडलं तर वही बाद, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. असो. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो म्हणे, आणि माझी पहिली सही खिशात आहे.

गुरुवार, ६

घडलं तसं लिहून काढते.

आजचा पाठ एका जुन्या लढाईवर होता. नुसतं सांगून कंटाळा येईल म्हणून मी हौसेने लिहिलं होतं, ‘विद्यार्थी दोन गट करून लढाई करून दाखवतात. वेळ : ७ मिनिटे.’ माझ्या डोक्यात कागदी ढाली होत्या, थोडा आरडाओरडा, थोडं हसू.

वर्गप्रमुखाने घड्याळ पाहिलं. बाकं सरकली. आणि मुलं एकमेकांवर तुटून पडली. खरोखर. आरडाओरडा नव्हता, तेच सगळ्यात वाईट. नुसते आवाज येत होते, डोकं बाकावर आपटल्याचा, कापड फाटल्याचा, धापांचा. एका मुलाने दुसऱ्याच्या छातीवर बसून पाण्याच्या बाटलीने त्याचं तोंड ठेचलं. एका मुलीच्या कानातली रिंग कुणीतरी ओढून काढली, कानाच्या पाळीसकट. मी मध्ये पडले तर दोघांनी मला अगदी अदबीने बाजूला केलं आणि पुन्हा कामाला लागले. मी मिनिटबाईंकडे पळत गेले. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं आणि चार मिनिटं राहिल्याचं सांगितलं.

सात मिनिटं झाली. वर्गप्रमुख म्हणाली, वेळ संपली. सगळे उठले, बाकं लावली, बसले, वह्या उघडल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा धडा लिहून घेत होता आणि त्याच्या नाकातलं रक्त ओळीवर टपकत होतं. तो ते बाहीने पुसून पुढचा शब्द लिहायचा.

माझ्या वहीत शेरा आहे, ‘उत्कृष्ट. सहभाग शंभर टक्के.’

शुक्रवार, ७

सकाळी एक वडील भेटायला आले. मुलाचा जबडा पट्टीने बांधलेला. आता माझी धडगत नाही असं वाटलं. पण त्यांनी हात जोडले! आमचा पोरगा भांडखोर नाही हो, म्हणाले, पण टाचणात होतं ना, मग केलंच पाहिजे. यंदा एकही फुली नाही त्याला. आणि अभिमानाने त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगा कळवळला.

खरं सांगायचं तर मला आज निघून जायला हवं होतं. त्याऐवजी मी वहिनीला फोन करून सांगितलं की मला उत्कृष्ट मिळालंय. तिला कौतुक वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची लाज वाटते. आजपासून शब्द तोलूनमापून लिहिते. ‘ऐकतात’, ‘वाचतात’, ‘लिहितात’, बस्स. पाचवी सही मिळाली.

मंगळवार, ११

सातवा पाठ. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका बारीकशा मुलीने हात वर केला. टाचणात प्रश्न नव्हता. तिने विचारलं, लढाईत हरलेल्यांच्या घरी मग कोण सांगायला जायचं? इतका चांगला प्रश्न मला नऊ दिवसांत, नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी खडू ठेवला आणि भरभरून उत्तर दिलं. ती हसली. या वर्गात पाहिलेलं ते पहिलं हसू.

मिनिटबाई उठल्या. वर्गप्रमुखाकडे बघून मान हलवली. वर्गप्रमुख लाकडी पट्टी घेऊन त्या मुलीजवळ गेली, तिचा हात बाकावर सपाट ठेवला आणि पट्टीच्या कडेने बोटांवर मारायला लागली. एक, दोन, तीन, मोजत मोजत, शांतपणे. चौथ्याला हाड मोडल्याचा आवाज आला. तरी सहापर्यंत मोजलं. मी पट्टी धरायला धावले तेव्हा पुढच्या दोन बाकांवरची मुलं माझ्या वाटेत उभी राहिली होती.

मग मिनिटबाईंनी सगळ्या वर्गासमोर माझी खरडपट्टी काढली. औषधाच्या पुड्या बांधणाऱ्यांनी शिकवायच्या भानगडीत पडू नये म्हणाल्या. आणि वहीत लिहिलं, ‘पाठ अमान्य.’ म्हणजे शुक्रवारपर्यंत नऊच होणार. मी विनवण्या केल्या, एका दिवशी दोन घेऊ द्या म्हटलं. तर पुढच्या वर्षी या म्हणे! माझ्यासाठी पुढचं वर्ष नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीवर आले, चहाही न घेता आठव्या पाठाचं टाचण लिहायला बसले आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘विद्यार्थी मार्गदर्शक बाईंचे तोंड कायमचे बंद करतात. साहित्य : खडू, डस्टर. वेळ : ३ मिनिटे.’ वाचून एकटीच खो खो हसले. बरं वाटलं. सकाळी खोडून टाकीन.

बुधवार, १२

खोडलं नाही.

सगळं खरं लिहिते, कारण उद्या माझंच मला खोटं वाटायला लागेल. सकाळी जिन्यात आठवलं होतं. पेन पर्समध्ये होतं. पण मनात आलं, वाचू दे की. एकदा तरी सही करताना वाचू दे. चेहरा कसा होतो ते बघू. फार तर वही भिरकावतील, आणि तसंही आता माझं काय राहिलंय.

त्यांनी वाचलं नाही. घड्याळ पाहिलं, सही केली. वर्गप्रमुखाने वही घेतली. मी तिच्या मागे धावले, तिला सांगितलं की शेवटची ओळ गंमत आहे, ती लिहू नकोस. ती म्हणाली, बाई, सही झालीये.

मी पाठ सुरूच केला नाही. मिनिटबाईंना हाताला धरून फळ्याकडे वळवलं, वाचा म्हटलं, वाचा! त्यांनी हात झटकला. वेळ वाया घालवल्याबद्दल मला बोलल्या. माझ्याविनाच वर्ग पुढे गेला. ऐकायचं तेव्हा मुलं नुसती माझ्याकडे बघत बसली, वाचायचं तेव्हा वाचलं.

दहा चाळीसला मागच्या रांगा उठल्या. आठ जणांनी मिनिटबाईंना खुर्चीसकट आडवं केलं. बाकीचे ओळीने आले, प्रत्येकाच्या हातात खडू. ओळ मोडली नाही कुणी. त्या पाय झाडत होत्या, एक चप्पल माझ्यापर्यंत आली. मी ओरडत होते, मारत होते, केस ओढत होते, पण माझ्या ओरडण्याला टाचणात जागाच नव्हती. शेवटी डस्टर. तो आत जाईना, तर एका मुलाने टाच लावली. दात मोडले ते मला ऐकू आले.

वर्गप्रमुख म्हणाली, वेळ संपली. बावीस वर्षांत त्यांनी बसवलेली शिस्त, एक क्षण पुढे नाही की मागे नाही.

मुख्याध्यापक आले. उंच, नीटनेटके, आवाज मऊ. त्यांनी आधी फळा वाचला, मग वही, मग खाली पाहिलं. दम्याचा झटका, असं डॉक्टर लिहून देतील म्हणाले. माझं अक्षर सुरेख आहे म्हणाले. वही त्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मी गेले तर वही पोलिसांकडे जाईल. राहिले तर सातवा पाठ ते मान्य करतील, उरलेल्या दोन्हींवर स्वतः सही करतील, आणि शुक्रवारी प्रमाणपत्र.

मी हो म्हटलं. देवा, मी हो म्हटलं.

गुरुवार, १३

सुट्या कागदावर टाचण लिहिलं. एकच ओळ. ‘विद्यार्थी शांत बसतात.’ मुख्याध्यापकांनी वाचून सही केली.

बसले. तास संपला, बसलेले. मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, तरी बसलेले. मी वेळ लिहिली नव्हती.

मोडक्या बोटांची ती मुलगी ग्लानी येऊन बाकाच्या कडेवर कोसळली. कपाळ फुटलं. कुणाची मान वळली नाही. मी तिला उचललं तर तिने मला ढकललं आणि पुन्हा जागेवर बसली, डोळ्यांत रक्त उतरत असताना. घरी जा, असं मी फळ्यावर लिहिलं. वर्गप्रमुख ओठ न हलवता म्हणाली की सही नाही.

मुख्याध्यापक बाहेर गेले होते. पाचला आले. ‘घरी जा’च्या खाली खडूने सही केली. मुलं गेली. चौघं चालू शकत नव्हती, त्यांना इतरांनी ओढत नेलं.

जाताना ते म्हणाले की उद्याचा पाठ विद्यार्थीकेंद्रित असेल. नवी पद्धत आहे. टाचण मुलं लिहितील. मी फक्त पाळायचं.

शुक्रवार, १४

वर्गात बसून लिहितेय. दार बंद. कुलूप वर्गप्रमुखाने लावलं, पण वर्गाची किल्ली मी दिली तिच्या हातात. मीच दिली —

फळा बघितला तेव्हा कळलं. पहिल्या रकान्यात आहे, ‘बाई वर्गात येतात. किल्ली देतात.’ वाचायच्या आधीच केलं होतं मी. ती हात पुढे करून उभी होती, मी —

खाली सही. मुख्याध्यापकांची.

टेबलावर प्रमाणपत्र. दहा पाठ, दहा सह्या. आजची तारीख. आजचा पाठ व्हायच्या आधीच — दादाला दाखवायचं होतं हे. खरंच फार दाखवायचं होतं.

दुसरी ओळ. ‘बाई ओरडत नाहीत.’

मी ओरडत नाहीये. का ओरडत नाहीये? तोंड उघडलं, आवाज — पन्नास जण बघतायत. एक जागा रिकामी. मोडक्या बोटांची ती मुलगी आली नाही.

तिसरी. ‘बाई आपला अनुभव रोजनिशीत लिहितात. वेळ : ५ मिनिटे.’

पेन ठेवायचा प्रयत्न केला. ठेवता येतं. पण मग बाजूच्या रकान्यातली ओळ लगेच — म्हणून लिहितेय. लिहीत राहायचं. काहीही. वहिनी, इस्त्री खोलीवर आहे. घरमालकीणबाईंना सांगा की मी अजून बाई झाले नव्ह —

बाजूच्या रकान्यात सफाईदार अक्षर आहे. माझ्यासारखंच. नऊ दिवस बघून बघून गिरवलेलं. ‘विद्यार्थी बाईंनी शिकवलेले सर्व करून दाखवतात. साहित्य : पट्टी, बाटली, खडू, डस्टर, बाक. वेळ : उरलेला तास.’

उरलेला तास चाळीस मिनिटांचा आहे.

बाकं सरकतायत. सावकाश. कुणी घाई करत नाही.

एक मिनिट असेल अजून. नसेल. वर्गप्रमुख घड्याळाकडे बघतेय, माझ्याकडे नाही, अगदी तश्शी — मी तिला म्हटलं, बाळ, माझं ऐक, ती म्हणाली ऐकायचं टाचणात नाही बाई आणि उठली आणि ओळ लागली, पहिला मुलगा, जबड्याला पट्टी, त्याच्या हातात — लिहितेय मी, अजून लिहितेय, पाच मिनिटं झालेली नाहीत, बघा, अजून माझा रका —