ओळखीच्या पाठी, अनोळखी तोंडं

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलेली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समज). तुझी सर्दी गेली का? दाजी गुडघ्याला तेल लावू देतात, की अजून लहान मुलासारखे पळतात? पळत असतील तर गुडघा बराच आहे म्हणायचा.

मी मजेत आहे. सायकल सुटली, पण शर्यत काही सुटली नाही. आता टीव्हीसाठी एका खोलीत बसून तिचं समालोचन करतो. खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक पडदा आणि बंद खिडकी. शेजारी आवाजवाले काका असतात. त्यांचा आवाज इतका भारदस्त, की त्यांनी नुसता चहा मागितला तरी उठून उभं राहावंसं वाटतं.

अडचण एकच, आणि तीही बारीकशी. मला सायकलवाले तोंडावरून ओळखता येत नाहीत. हसू नकोस. संघात मी पाणक्या होतो (माझ्या पुरस्कारांच्या फळीवर धूळ साचते ती उगाच नाही). मागच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, शर्टात कोंबायच्या आणि घोळक्यातून घुसत पुढे कप्तानाला नेऊन द्यायच्या. शेवटच्या चढावर माझं काम संपायचं. सगळे निघून जायचे आणि मी बघत राहायचो. उभ्या कारकिर्दीत मी पाहिल्या त्या पाठी. नंबरसुद्धा मेले पाठीवरच लावतात!

आणि कॅमेरा असतो समोर. परवा एकाच संघाचे दोघं पुढे निसटले. त्यातला एक म्हणजे ज्याला सगळे लांब्या म्हणतात तो, असं ठरवून मी त्याला नुकत्याच झालेल्या जुळ्या मुलींबद्दल भरभरून शुभेच्छा दिल्या. तो लांब्या नव्हता. जो होता, त्याचं लग्नच झालेलं नाही. त्याच्या आईने आमच्या कार्यालयात फोन करून नातींची चौकशी केली. पुढे वळणानंतर चित्र मागून आलं, तेव्हा मात्र नंबर दिसायच्या आत मी अख्खा घोळका नावानिशी सांगितला, कोण डावीकडे कलतो, कोण सीटवर चुळबुळतो, सगळं. काकांनी माइकवर हात ठेवून मला नमस्कार केला.

आमच्या बाईंनी (त्या साहेब आहेत) मात्र बजावलंय, रविवारी शेवटची शर्यत, त्यात चुकलास तर खुर्ची दुसऱ्याला. आणि शेवटची रेषा समोरूनच दाखवतात. आक्का, खरं सांगतो, भीती वाटते. सायकलपलीकडे मला काहीही येत नाही.

परवा जुळ्यांचा घोटाळा झाला तेव्हा तुझाच फोन पहिला आला: अरे गाढवा, लांब्याच्या हनुवटीला खळी आहे! तुला कसं माहीत, विचारलं, तर म्हणालीस, इतकी वर्षं टीव्हीवर तुला शोधताना एकेक तोंड बघत होते, तू सापडायचा नाहीस, बाकीचे पाठ झाले.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी सकाळी इकडे ये. माझ्यामागे स्टूल टाकून ठेवतो. समोरून कोण येतंय ते तू कानात सांग, पाठी मी सांभाळतो.

ता. क. दुसरा. तू येणार असं बाईंना आधीच सांगून बसलोय.

ता. क. शेवटचा. बोलून घसा सुकेल म्हणून घाबरू नकोस. पाणी मी आणून देईन. ते काम मला चोख येतं.