पारीचे वीस मीटर

१२ ऑक्टोबर, रविवार
आसगाव. तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, दहा फेऱ्या. नीलकंठ १ तास ५८ मि. १० से. मी २-०७. शाळेतल्या सुनंदा मॅडम २-२१.
या टोकाच्या तुडुमापासून, पाणी सोडायच्या दारापासून, त्या टोकाच्या पांढऱ्या दगडापर्यंत आणि परत, फेरी २१०० मीटर. दहा फेऱ्या, वर शंभर मीटर, झाली हाफ मॅरेथॉन. मोजणी माझी. सरकारी मोजणीदार घरचाच असल्यावर शंका कोण घेणार!
१ फेब्रु.ला नागपूरची शर्यत. नीलकंठला दोन तासांच्या आत यायचं आहे. मला नुसतं यायचं आहे.

२६ ऑक्टोबर
नी. मासे काढून थेट पारीवर. हातांना वास तसाच. आज पहिल्यांदा फौजेच्या भरतीचं बोलला. बावीस वर्षांपूर्वी, भंडारा, १६०० मीटर. चार सेकंदांनी राहिला.
"चार सेकंद म्हंजे का असते भाऊ? नाक शिंकरेपर्यंत जाते."
मग जाळं, तलाव, लग्न. हे सगळं हसत सांगितलं. "एकडाव दोन तासाच्या आत आलो का मंग घड्याळाकडे पाहतच नाही," हे मात्र हसत नाही.

१६ नोव्हेंबर
मॅडमना मुलानं पुण्याहून धावायचं घड्याळ पाठवलं. फेरी २०६० दाखवतं. पाचही वेळा २०६०. मॅडम शाळेतल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.
नी.: "घड्याळ पुण्याचं, पार आसगावची. त्याले का समजते? मोजणीवाला उभा आहे ना इथं."
सगळे हसले. मीही. घरी जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रजा टाकली. एकट्यानं टेप लावली. तीस मीटरची. टोकाला खुंटी ठोका, पुढे जा, खूण करा, मागे या, खुंटी उपटा. दोन तास. एका बाजूला १०३०. पुन्हा मोजलं. १०३०.
खरी गोष्ट अशी की मी टेप कधी लावलीच नव्हती. ऑफिसातल्या जुन्या नकाशावरून लांबी उचलली होती. नंतर दुरुस्तीत पारीचा वाक सरळ केला, वीस मीटर तिथे गेले. लोकांच्या बांधावर उभा राहून 'नकाशा सोडा, जागा बघा' असं रोज सांगणारा मीच. लाज वाटली.
दहा फेऱ्यांत चारशे मीटर. नी.च्या पायांनी सव्वादोन मिनिटं. म्हणजे तो दोन तासांच्या आत कधी आलेलाच नाही.

१९ नोव्हेंबर
पहाटे, दोघं यायच्या आत, पांढरा दगड वीस मीटर पुढे सरकवला. तिकडे नुसतं गवत, दुसरी खूण नाही. कंबर धरली. कुणाला सांगितलं नाही. पार बरोबर झाली, आता सांगायचं काय उरलं, असं स्वतःला समजावलं.

३० नोव्हेंबर
दहा फे. नी. २-००-५०. बुटाची नाडी सोडत बराच वेळ बसला. मॅडम घड्याळ विसरून आल्या होत्या. मला बरं वाटलं, ते वाटायला नको होतं.

१४ डिसेंबर
नी. २-०१-३०.
"काहून होऊन राहिलं भाऊ असं? वय झालं का?"
झोप पुरी घे, म्हणालो. वा रे शहाणा.
मॅडमचं घड्याळ आज २१०० दाखवत होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

२८ डिसेंबर
नी. आला नाही. रक्त तपासायला भंडाऱ्याला गेलाय, मॅडमकडून कळलं. साखर, हिमोग्लोबिन, सगळं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

४ जानेवारी, रविवार
नी. आला, पायात चपला. रिपोर्ट चांगले आहेत, तरी, "माझं नाव काढून टाका जी. रिपोर्टात नाही येत ते. आंगातूनच गेलं."
सांगितलं. दगडाजवळ उभं राहून सगळं. नकाशा, टेप, दगड, पहाट.
"किती?"
"फेरीमागे चाळीस मीटर."
शिव्या येतील म्हणून मी तयार होतो. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला,
"मंग भाऊ, ते भरतीचं मैदान कोणं मोजलं असन?"

६ जानेवारी
भरतीतल्या त्या वेगानं चार सेकंद म्हणजे वीस मीटर. उगाच काढून पाहिलं. दोनदा.

११ जानेवारी
नी. बूट घालून आला. मॅडमशी बोलला, माझ्याशी नाही. २-००-२०. जाताना हात ठेवून दगड हलवून पाहिला. हलला नाही.

२ फेब्रुवारी
काल नागपूर. मॅडम २-२२, मी २-०९.
नी. २-००-४१.
मला त्याच्या समोर जायचं धाडस होईना. फुटपाथवर बसून मॅडमनी सोललेलं संत्रं खात होता. मलाच हाक मारली. महिन्याभरानं पहिल्यांदा.
"एक्केचाळीस सेकंद. पण हे माझेच आहेत ना भाऊ?"
रस्ता मी मोजलेला नव्हता. तरी हो म्हणालो. तेवढ्यावर त्यानं अर्धं संत्रं पुढे केलं. डोळे भरून आले, घाम म्हणून पुसले.

८ फेब्रुवारी, रविवार
पाच फे. वेळ कुणी लावली नाही.
बुधवारी भंडाऱ्याला ऑफिसचं काम आहे, एवढंच दोघांना सांगितलं. ते मैदान अजून आहे. तेव्हा भिंतीला धरून चार फेऱ्या होत्या, नी. सांगतो. चुन्याची रेघ कधीच उडाली असेल, भिंत तीच आहे. टेप डिकीत ठेवली. सोळाशेपेक्षा जास्त भरलं तर बावीस वर्षं कुणाच्या तरी चुकीची. बरोबर भरलं तर ते चार सेकंदही त्याचेच. दोन्ही त्याला कसं सांगायचं ते मला येत नाही.
बरोबर येतोस का, असं त्याला विचारायचं नाही हे ठरवलं होतं. त्यानंच जाळं खांद्यावर घेता घेता विचारलं, "बुधवारी गाडीवर एकटेच जाता का?"
"टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो," म्हणालो.
"पाहू," म्हणाला, आणि पाण्यात उतरला.