डावं बटण, उजवी दांडी

रविवार संध्याकाळ, वारजे

आज चाललं नाही तर मी घरी बनवलेलं हे पिनबॉल जेवायच्या टेबलावरून थेट माळ्यावर जाईल, असं हिने सकाळीच बजावलं होतं. सॉफ्टवेअर सुरू झालं, पण डावं बटण दाबलं की गोळी टोलवणारी उजवी दांडी उडायची. प्रोग्रॅमला यथेच्छ शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, तारा मी फळी पालथी घालून जोडल्या होत्या. इतकं साधं कसं सुचलं नाही? एकही तार न सोडवता सेटिंगमध्ये दोन नंबरांची अदलाबदल केली. डावं बटण, डावी दांडी! जमणारच होतं.

हिला बोलावलं. "बघते काय दिवे लावलेत ते," म्हणत खुर्ची ओढून बसली.

अजून तिथेच आहे. कुकर मीच लावलाय. आज आम्ही जमिनीवर बसून जेवणार.