शेषेरावच्या बांधावरची तार

१८ नोव्हेंबर
मेलेली हरिणी! पोटात पिल्लू. तोंड भाजलेलं, जीभ दातांत अडकलेली. जंगल संपतं तिथंच शेषेरावची तूर, आणि बांधावर तार. खांबावर आकडा टाकून करंट सोडतो, रानडुकरांसाठी. माझ्या बीटमध्ये, वनरक्षक मी असताना! पुरताना त्याला शिव्या घालत होते.

१९ नोव्हेंबर
पहाटे धुकं इतकं की सागाचं झाडसुद्धा अंगावर आल्यावर दिसलं. दहा वाजता पाठ भाजणारं ऊन. स्वेटर कमरेला बांधून फिरती केली. शेषेराव बांधावरच उभा. "डुकरं तुझ्या जंगलाची, तूर माझी. तूच सांग कुणी मरायचं?" मी म्हणाले, पुन्हा तार दिसली तर तुला आत टाकीन. म्हणतो, "खाकी घातली म्हणून लई मोठी झालीस काय, पंचशीला?" थुंकला. माझ्या बुटाजवळ! कानाखाली ओढायला हात शिवशिवत होता.

२१ नोव्हेंबर
आभाळ भरलेलं, घामाच्या धारा. ही कसली थंडी! तार अजून तिथंच. साहेब म्हणतात, समजावून सांग. काय डोंबल समजावू?

२४ नोव्हेंबर
हात सुजलाय, तरी लिहिते.

सकाळी कडाक्याची थंडी होती. पळसांतून चालत बांधाकडे निघाले तर एकदम अंधारून आलं. वारं सुटलं, फांद्या कडाकडा मोडायला लागल्या, मग गारा. डोक्यात, खांद्यावर — दगड मारल्यासारख्या. माघारी फिरायला हवं होतं. पण डोक्यात एकच, आज तार तोडायचीच. शेतीची लाईन रात्रीची असते, दिवसा तार मेलेली. पकड काढली, वाकले.

मागून वेणी धरून कुणीतरी मला हिसडलं. चिखलात उताणी पडले. वर शेषेराव! धापा टाकत होता, तोंडातून शब्द नाही. पुन्हा माझ्याकडं हात. मी काठी फिरवली. पहिला टोला खांद्यावर, दुसरा कानशिलात. खाली बसला, तरी तिसरा घातला. टाळकं फुटल्याचा आवाज आला. गारांवर रक्त सांडत होतं आणि मी ओरडत होते, "धर आता वेणी! धर!"

वाईट वाटत नाही. जरासुद्धा नाही.

२५ नोव्हेंबर
शेषेरावला लातूरला हलवलंय. शुद्ध नाही. साहेबांनी पाठ थोपटली, "वाघीण आहेस!" पोलिसांना जबाब दिला — कामावर असताना जीव घ्यायला आला. त्याची बायको केवळाबाई आमच्या वनचौकीसमोर येऊन छाती बडवून गेली. "तुझे हात झडतील गं!" मी दार लावून घेतलं. त्याला चांगली दहा वर्षं आत बसवते.

२६ नोव्हेंबर
पाऊस. फिरतीला गेले नाही.

२७ नोव्हेंबर
शेषेराव पहाटे वारला.

दुपारी वायरमन व्यंकट आकडा काढायला आला. म्हणाला, "नशीब तुमचं मॅडम! चोवीस तारखेपास्नं शेतीची लाईन दिवसाची झाली. पकड लावली असती तर जागेवर कोळसा. त्याच सकाळी मीच शेषेरावला फोन केला, लाईन सुटली म्हणून. म्हणाला, ती पोरगी तार तोडाया येती की रं! अन् फोन चालूच ठेवून तसाच पळाला."

ठाण्यात नंतर जाईन. आधी केवळाबाईकडे निघालेय. तिनं हे माझ्या तोंडून ऐकायला हवं.