धर्माजीसाठी जोडहोडी

२० जानेवारी १९६६
परवा सकाळी गावदेवीला वाहायला केळीचे दोन घड घेऊन मी धर्माजीच्या होडीत बसलो. धर्माजी म्हणजे सौ.चा सख्खा भाऊ. होडीत देवीची पालखी, काठावर पन्नास माणसं. होडी गाळात रुतली. तो सर्वांदेखत म्हणाला, "भावोजी, तुमी उतरा. पालखी न्यायची हाय, तुमाला नाय." गुडघाभर चिखलातून चालत आलो. घड मात्र त्याने ठेवून घेतले.
मनात राग नाही. देवी बघते आहे. फक्त त्याचं तोंड एकदा उतरलेलं पाहायचं आहे.

२ फेब्रुवारी
गुळाच्या पुडीला इंग्रजी मासिकाचं पान आलं. तारापूरच्या नव्या बांधकामावरच्या कुणा गोऱ्या साहेबाचं असावं. चित्रात दोन होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, वर माची, माचीवर साहेब पाय पसरून. एकनाथ गुरुजींनी वाचून सांगितलं: ही लांबच्या सफरीची होडी, कॅटमरान. घेण्याआधी ठरवा, स्पीड हवा की आराम. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.
लिहिणाऱ्याला धर्माजी भेटलेला नाही. स्पीड धर्माजीसाठी, आराम देवीसाठी. दोन्ही घेणार.

११ फेब्रुवारी
पुजारी महादूला राजी केलं. चैत्री पौर्णिमेला पालखी खाडीपलीकडच्या दांडी गावाहून परत आणायची आहे. आपल्या काठावरून धर्माजीची होडी आणि माझी एकदम सुटतील. जी आधी दांडीला लागेल तिच्यातून पालखी येईल. धर्माजी हसला म्हणे. हसू दे.
रोज एकशे आठ वेळा नामजप सुरू केला. मधे मधे त्याचंच नाव येतं.

१ मार्च
भिका सुताराने दोन जुन्या होड्या आडव्या वाशांनी जोडल्या. ट्रायल. दोन गड्यांनी वल्ही मारली, होडी जागच्या जागी गोल फिरली. भिका म्हणाला, उजवी बाजू जड. उजवीकडे मी होतो. जोडणीत चूक असणार. मधोमध बाक बसवायला सांगितला.

९ मार्च
बाकाला पाठ हवी. देवी टेकून बसत नाही हे खरं, पण तिच्यासोबत कुणीतरी असणारच.

१७ मार्च
ऊन फार. झावळ्यांचा मांडव घातला. तक्क्या. पाण्याची घागर. भिका म्हणतो, "नरूभाव, ही होडी हाय का ओसरी?" वल्हवायला जड जाते, मान्य. त्या दिवशी गड्यांना जास्त जेवू घालू. स्पीड पोटातून येतो.

४ एप्रिल
उद्या. धर्माजी कुठे उभा असेल, चेहरा कसा होईल, सगळं डोळ्यांपुढे आहे. त्याला म्हणायचं, "मेहुणे, पुढच्या खेपेला या." सौ.ला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आदी पोचा तरी." भावाची बाजू घेते.

५ एप्रिल, चैत्री पौर्णिमा
भरती फिरल्यावर सुटलो. धर्माजी लगेच पुढे. खाडीत जाळी बांधायचे खुंट आहेत, त्यांच्यामधून जवळची वाट. तो तिकडून गेला, मीही तिकडूनच नेली. त्याची एक होडी दोन खुंटांमधून गेली. माझ्या दोन होड्यांच्या मधे एक खुंट आला.
ओहोटीच्या ओढीने घट्ट बसला. गडी पोहून काठाला गेले. मला पोहता येत नाही. मांडवाखाली तक्क्याला टेकून बसलो. आरामात काही कमी नव्हतं, हे लिहून ठेवतो.
पालखी धर्माजीच्या होडीतून शेजारून गेली. बसूनच हात जोडले. पहाटे पालखीबरोबर दांडीला गेलेली सौ.ही त्याच होडीत. म्हणाली, "परसाद हितंच देऊ का?" धर्माजी म्हणाला, "बसा भावोजी, देवीला उतरवून येतो."
तासाभराने रिकामी होडी घेऊन आला. मी म्हटलं, मला घाई नाही. "मलाबी नाय," म्हणाला आणि विडी पेटवून बसून राहिला.
ऊन कलेपर्यंत मी विचार केला. जप केला. शेवटी धर्माजीला क्षमा करायची ठरवलं, आणि त्याच्या होडीत चढून करूनही टाकली.
त्याला सांगितलं नाही. वल्ही त्याच्या हातात होती.