सुनंदाच्या जबाबातील नवऱ्याच्या नावाबाबत

प्रति,
मेहेरबान रिक्रूटिंग ऑफिसर साहेब,
लष्कर भरती कचेरी, मुक्काम जळगाव,
जिल्हा पूर्व खानदेश.

विषय : माझी धाकटी सून सुनंदा हिच्या जबाबात नवरा म्हणून थोरल्या दिराचे नाव लागले आहे, ते मुलगा रवाना होण्यापूर्वी दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : मुलगा जीवराम यास मिळालेला हजर होण्याचा हुकूम.

महोदय,

खाली सही करणार पेन्शनर शाळामास्तर अर्ज करतो तो येणेप्रमाणे.

१. माझा धाकटा मुलगा जीवराम येथील जिनिंग कारखान्यात इंजिनवर होता. तो लष्करी लॉरीवर ड्रायव्हर म्हणून भरती झाला असून येत्या सोमवारी त्यास हजर व्हायचे आहे. त्याच्या हुकुमावर बरेवाईट झाल्यास खबर कोणास द्यावी, त्या जागी ‘सुनंदा, निंबा तोताराम याची पत्नी’ असे लिहिले आहे. निंबा हा माझा थोरला मुलगा. तो शेती करतो व त्याची पत्नी भागाबाई ही आहे.

२. यात आपल्या कारकुनाचा दोष नाही. त्यांनी सुनंदास नवऱ्याचे नाव विचारले. आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. घेतल्यास त्याचे आयुष्य घटते अशी समजूत आहे. तिने मान खाली घालून “निंबाभाऊना धाकला”, म्हणजे निंबाचा धाकटा भाऊ, एवढेच सांगितले. चार माणसांत असा जबाब पुरतो. कचेरीत नाव एकच पाहिजे, ते कारकुनांनी लिहून घेतले व तिने अंगठा केला.

३. भागाबाईने हे प्रथम हसण्यावारी नेले. “मनी देराणी मनी सवत व्हयनी!” म्हणजे धाकटी जाऊच सवत झाली, असे ती विहिरीवर सांगत सुटली. आता हसत नाही. काल तिने मला विचारले, “आबा, तार उनी ते बांगड्या कोन फोडी?” मी तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. तार आली तर बांगड्या तिने फोडायच्या की सुनंदाने, या प्रश्नासाठी मी हा अर्ज लिहावयास बसलो.

४. जीवराम नसताना घर कसे चालवायचे ते आम्ही बसून ठरवले आहे. सुनंदाचे पहिले बाळंतपण कार्तिकात आहे. ते रीतीप्रमाणे माहेरी, शिरपुरास, व्हायचे. परंतु खबर या पत्त्यावर येणार म्हणून ती घर सोडून जाण्यास तयार नाही. तिच्या आईस इकडेच बोलावले आहे. जीवरामची पत्रे पोस्टमनने ओट्यावर बसून सर्वांदेखत वाचू नयेत, म्हणून मी सुनंदास लिहावाचावयास शिकवीत आहे. ती हुशार आहे. साधी अक्षरे सर्व येतात. ‘जखमी’ हा शब्द तिने परवा वर्तमानपत्रात बोट ठेवून वाचला व माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून मी पुढचा पाठ घेतलेला नाही.

५. आमच्या आळीत गेल्या वर्षी एका घरी तार आली. ती इंग्रजीत होती. वाचणारा बाजाराच्या दिवशी मिळाला. तोवर ती भिंतीतल्या देवळीत होती व त्या घरातली सून रोज कुंकू लावत होती. साहेब, आमच्याकडे तर तार वाचता आली तरी ती कोणाची हे समजणार नाही. निंबा समोर जेवत बसलेला असेल आणि कागद सांगेल की तो गेला. मग आम्ही सारे हसू, चूक म्हणून तार बाजूला ठेवू. या हसण्याची मला फार भीती वाटते.

६. दुरुस्तीस बाईने समक्ष येऊन स्वतः नाव सांगावे, असे कचेरीतून सांगण्यात आले. मी तिला बाप होऊन समजावले, मास्तर होऊन समजावले. “आबा, आते ते लढाईवर जाई ऱ्हायनात, नि मी नाव लेऊ?” म्हणून ती रडू लागली. शेवटी, बोलू नकोस, लिही, असे मी सुचवले. काल दुपारी तिने दार लावून घेतले व जीवरामचे नाव पाटीवर लिहिले. अक्षर स्वच्छ आहे. वेलांटी दीर्घ काढली आहे. कचेरीत पाटी दाखवावी व लगेच पुसावी, असे ठरले होते. परंतु लिहिलेले नाव आपल्या हाताने पुसण्यास ती आता तयार नाही, दुसऱ्या कोणास पुसू देत नाही.

७. तरी मेहेरबानी होऊन पुढील हुकूम व्हावा. आम्ही शुक्रवारच्या गाडीने सुनंदास व पाटीस घेऊन येत आहोत. कारकुनांनी पाटीवरून नाव उतरून घ्यावे, ते तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये, आणि पाटीला हात अथवा बाही लागू न देता ती तशीच परत करावी. मुलास पाठवू नये असे मी म्हणत नाही. त्याने स्वखुशीने सही केली आहे. गाडीत गर्दी असते. पाटी मी स्वतः मांडीवर धरून आणीन.

कळावे. आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,

तोताराम कौतिक महाजन
पेन्शनर शाळामास्तर, मुक्काम धरणगाव,
तालुका एरंडोल.
तारीख ८ जून १९४३

सोबत : हुकुमाची नक्कल एक. पाटी समक्ष.