घरचं रक्त

४ फेब्रुवारी १९५७
नांदेडहून आले काय आणि लगेच प्रयोगशाळेत नोकरीवर रुजू झाले काय, मजाच! इथे हैदराबादेत नारायणगुड्याला इंदुमावशीच्या घरी मुक्काम. तिने डब्यात बगारा वांगी दिली होती, पण दिवसभर लोकांची लघवी हाताळून ती घशाखाली उतरणार कशी? डबा तसाच परत आणला.

आमच्या हणमंतरावसाहेबांना ठरवायचंय की लघवीतले जंतू वाढवून ओळखायला काचेच्या बशीत कोणतं माध्यम ओतलेलं चांगलं, रक्त घातलेलं की मॅकॉन्कीचं, बिनरक्ताचं. एकच नमुना दोन्ही बशांत पेरायचा, उबेत ठेवायचा आणि सकाळी काय उगवलं ते बघायचं.

८ फेब्रुवारी
गेल्या साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा कपाटं, खुर्च्या आणि प्रयोगशाळेचा मेंढासुद्धा औरंगाबादला गेला म्हणे. बशांत रक्त त्याचंच असायचं. आता नवीन लागलेल्याने द्यायचं, अशी रीत पडली आहे. साहेब हसून म्हणाले, फिकर नक्को, घरचं रक्त ताजं असतं. शिसारी आली, पण नोकरी अजून कच्ची आहे. मुकाट्याने बाही वर केली.

१५ फेब्रुवारी
अंबरपेठच्या एका बाईच्या नमुन्यातले जंतू मॅकॉन्कीवर ठिपके होऊन गुमान बसतात. माझ्या रक्तावर मात्र त्यांची साय लाटेमागून लाट पसरते आणि नासक्या मासळीचा वास सुटतो. असे सरपटणारे जंतू असतात, पुस्तकात आहे. पण ते चहूकडे पसरतात. हे फक्त माझ्या खुर्चीकडे येतात. बशी फिरवून ठेवली, तरी सकाळी माझ्याच दिशेला. हात सोलवटेपर्यंत साबणाने धुतले.

२१ फेब्रुवारी
ताप. लघवीला जळजळ. काल स्वतःचाच नमुना पेरला होता. मॅकॉन्कीवर काही नाही. माझ्या रक्ताच्या बशीचं झाकण उचलून साय बाहेर, टेबलावर — शी! साहेब म्हणाले, मॅकॉन्की कोरी म्हणजे तुम्ही ठणठणीत. टेबलावरची साय दाखवली तर रक्तावर इतकं उगवतं म्हणून खूशच झाले, आणि उद्यासाठी पुन्हा रक्त मागितलं.

२३ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. सुई टोचली तिथे तीच साय. वासही तोच, माझ्याच अंगाला. फडक्याने पुसली, तर फडक्यावरून दुसऱ्या हातावर चढली. ज्याचा हात लागेल त्याच्यावर चढणार —

२४ फेब्रुवारी
साय कोपराच्या वर. आवाज गेला. घशात काहीतरी सरकतंय —

मावशी आली. 'हात लावू नकोस' असं मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे धरलं. नुसती बघत राहिली. तिची सगळी शाळा उर्दूत, मराठी अक्षर तिला लागत नाही. मी मान हलवते, तिला वाटतं दुखतंय —

पुसायला पदर ओला केलाय. कडेला बसली. माझा हात मांडीवर घे